राजाज्ञेने चाललेले व्याकरण: विल्यम लिलीच्या लॅटिन पुस्तकाचे प्रकरण

सन १५०० च्या आसपास इंग्लंडमधला सात-आठ वर्षांचा मुलगा ग्रामर स्कूलमध्ये जाई, तो शब्दशः व्याकरणच शिकायला जाई, आणि तेही लॅटिनचे. इंग्रजी घरी येत होतीच. तिचे व्याकरण असते हेही कुणाच्या मनात नव्हते. चर्च, न्यायालय, वैद्यक, विद्यापीठ यांतली कुठलीही वाट धरायची तर आधी लॅटिन हवे. अडचण अशी की लॅटिन शिकवणारे पुस्तकही लॅटिनमध्येच असायचे. चौथ्या शतकातला रोमन व्याकरणकार डोनाटस याचे छोटे व्याकरण शेकडो वर्षे चालले. त्याच्या पुढची पायरी म्हणजे अलेक्झांडर द व्हिलदियू याने ११९९ च्या सुमारास रचलेले ‘डॉक्ट्रिनाले’. २,६४५ ओळींचे हे पद्य मुलाने पाठ करायचे. जी भाषा येत नाही तिचे नियम त्याच भाषेत पाठ करायचे, हा पेच नीट लक्षात ठेवावा. या प्रकरणातला प्रत्येक माणूस तोच सोडवू पाहत होता, आणि शेवटी तो पुन्हा जिथल्या तिथे येऊन बसला.

पेच सोडवायची पहिली छापील खटपट ऑक्सफर्डला झाली. मॉडलिन कॉलेजला जोडून बिशप वेनफ्लीट यांनी १४८० च्या सुमारास शाळा काढली. तिचा शिक्षक जॉन ॲनविकिल याचे लॅटिन व्याकरण १४८३ मध्ये ऑक्सफर्डलाच छापले गेले. सोबत रोमन नाटककार टेरेन्सच्या नाटकांतून वेचलेल्या वाक्यांची पुस्तिका होती, एक वाक्य लॅटिन आणि त्याला जोडून इंग्रजी. ॲनविकिलनंतर आलेल्या जॉन स्टॅनब्रिजने आणखी मोठे पाऊल टाकले. शब्दांच्या जाती आणि त्यांची रूपे त्याने थेट इंग्रजीत, प्रश्नोत्तरांत मांडली. शब्दांच्या जाती किती? आठ. नाम कसे ओळखावे? जे पाहता, स्पर्शिता, ऐकता किंवा समजून घेता येते, त्याला दिलेले नाव म्हणजे नाम. इंग्रजीतून व्याकरण सांगण्याची रीत हस्तलिखितांत शंभरएक वर्षांपूर्वीच होती, पण ती घरोघरी पोचवली छापखान्याने. लंडनचा मुद्रक विंकिन द वर्ड याने स्टॅनब्रिजच्या चोपड्या पुन्हा पुन्हा छापल्या. मुलांनी त्या इतक्या वापरल्या की आज त्यांची काही पाने फक्त दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत घातलेली रद्दी म्हणून सापडतात. शालेय पुस्तकांचे नशीब सगळीकडे असेच असते. ज्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो तेच सर्वांत आधी फाटते.

आता मुख्य माणूस. जॉन कॉलेट हा लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख धर्मगुरू. वडील दोनदा लंडनचे लॉर्ड मेयर झालेले, घरची संपत्ती भरपूर. तिच्यातून त्याने १५०९ च्या सुमारास सेंट पॉल स्कूल नव्याने उभे केले. मुलांची संख्या ठरवली १५३. बायबलमध्ये येशूच्या शब्दावरून टाकलेल्या जाळ्यात जितके मासे आले तितकी. कारभार त्याने धर्मगुरूंकडे दिला नाही, कापडाच्या व्यापाऱ्यांच्या मर्सर्स कंपनीकडे दिला. मुख्य शिक्षक नेमला विल्यम लिली. लिली जेरुसलेमची यात्रा करून परतताना ऱ्होड्स बेटावर राहिला, तिथे ग्रीक शिकला, पुढे रोममध्ये शिकला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ग्रीक जाणणारे बोटांवर मोजावेत एवढेच होते, आणि त्यांतल्या एकाला कॉलेटने लहान मुलांपुढे बसवले. मला या नेमणुकीचे फार मोल वाटते. मोठा विद्वान मोठ्या मुलांना आणि कुणीही लहानांना, ही वाटणी कॉलेटने मानली नाही.

पुस्तकाच्या बाबतीतही त्याचा निकष असाच होता. राजवैद्य आणि थोर पंडित टॉमस लिनॅकर याने शाळेसाठी व्याकरण लिहून दिले. कॉलेटने ते लहानांना जड म्हणून नाकारले. लिनॅकर दुखावला, मैत्रीत अंतर पडले, तरी कॉलेटने निर्णय बदलला नाही. मग प्रारंभीचा भाग त्याने स्वतः इंग्रजीत लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत हा डीन मुलांना सांगतो, की माझ्यासाठी तुमचे इवलेसे गोरे हात देवाकडे जोडा. मीही तुमच्यासाठी प्रार्थना करतो. व्याकरणाच्या पुस्तकात असे वाक्य मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

पुस्तकाच्या शेवटी त्याने जे लिहिले तो या साऱ्या प्रकरणाचा कणा आहे. नियम होते म्हणून माणसे लॅटिन बोलली असे नव्हे. माणसे तसे बोलत होती म्हणून त्यावरून नियम झाले. भाषा आधी, नियम मागून. म्हणून शिक्षकाने मुलांना चांगल्या लेखकांचे चांगले पुस्तक वाचायला द्यावे, प्रत्येक शब्द का तसा आला ते समजावावे, आणि ऐकत, वाचत, अनुकरण करत मुलांना पुढे न्यावे. नुसत्या नियमांच्या घोकंपट्टीपेक्षा हे लवकर फळते, असे त्याचे स्पष्ट म्हणणे होते.

वाक्यरचनेचा भाग लिलीने लॅटिनमध्ये लिहिला. कॉलेटने तो हॉलंडचा थोर पंडित इरॅस्मस याच्याकडे तपासायला दिला. इरॅस्मसने इतके बदल केले, की लिली म्हणाला हे आता माझे नाही, आणि इरॅस्मस म्हणाला मुळात लिहिले ते मी नाही. १५१३ मध्ये रिचर्ड पिनसनच्या छापखान्यातून ते कुणाचेच नाव न घालता निघाले. पुढे लोक सरसकट इरॅस्मसचे म्हणू लागले, तेव्हा त्याने १५१५ च्या आवृत्तीत खरी हकीकत लिहून टाकली. दोन विद्वान श्रेय एकमेकांकडे सरकवत आहेत, असे दृश्य ग्रंथव्यवहारात विरळाच.

पण सगळेच असे सौम्य नव्हते. रॉबर्ट व्हिटिंटन हा स्टॅनब्रिजचा विद्यार्थी. त्याच्या चोपड्या द वर्ड झपाट्याने छापत होता; व्याकरणाची बाजारपेठ बऱ्याच अंशी त्याच्याच हाती होती. १५१९ मध्ये ईटन शाळेच्या विल्यम हॉर्मनने हजारो लॅटिन-इंग्रजी वाक्यांचा एक जाडजूड ग्रंथ काढला. ८०० प्रतींचा करार पिनसनशी झाला होता, आणि लिलीने पुस्तकाला स्तुतिपर पद्य जोडले होते. व्हिटिंटन भडकला. पुस्तकाचा आकार, किंमत, भाषा, सगळ्यावर त्याने टीका केली. हॉर्मन आणि लिली यांनी १५२१ मध्ये उत्तराचे पुस्तकच काढले आणि त्यात कुत्र्यांनी घेरलेल्या अस्वलाचे चित्र छापले. अस्वल म्हणजे अर्थातच व्हिटिंटन.

या भांडणाला इतिहासात ‘व्याकरणकारांचे युद्ध’ म्हणतात. त्यात व्यक्तिगत जळफळाट पुष्कळ होता, तरी तळाशी खरा प्रश्न होता. नियम आधी शिकवावेत की वाचन आधी? व्हिटिंटनचे म्हणणे, नियम न शिकता लेखकांचे अनुकरण करणे म्हणजे कोवळ्या विद्यार्थ्याचा वेळ फुकट घालवणे. हॉर्मन आणि लिली कॉलेटच्या बाजूचे. व्हिटिंटनला आपण अगदीच मोडीत काढू नये. दुबळ्या शिक्षकाच्या हाती नियमांची चोपडी निदान काही तरी देते. उत्तम लेखकाचे पुस्तक त्याच्या हाती पडले तर तो त्याचीही चोपडीच करून टाकतो. आणि ‘सर्व ऋतूंचा माणूस’ हे त्या काळचा विद्वान आणि मुत्सद्दी टॉमस मोर याचे प्रसिद्ध वर्णन इंग्रजीत आले तेही व्हिटिंटनच्याच १५२० च्या पुस्तकातल्या भाषांतराच्या एका सरावातून.

कॉलेट १५१९ मध्ये गेला. लिलीही त्यानंतर तीन-चार वर्षांत साथीत गेला. दोघेही हयात नसताना त्यांचे पुस्तक राजाच्या हाती पडले.

आठव्या हेन्रीपुढची अडचण खरी होती. या शाळेत स्टॅनब्रिज, त्या शाळेत व्हिटिंटन, तिसरीकडे कॉलेट-लिली. मुलाने शाळा बदलली किंवा शिक्षक बदलला की नव्या परिभाषेपासून पुन्हा सुरुवात. त्याच सुमारास हेन्रीने पोपशी संबंध तोडले होते आणि देशात एकच धर्मव्यवस्था, एकच बायबल, एकच प्रार्थना अशी मांडणी चालू होती. एक व्याकरण त्याच साखळीतले. राजाने विद्वान बसवले. त्यांनी कॉलेटचा इंग्रजी भाग, लिलीचे लॅटिन नियम आणि इतरांचे काही साहित्य एकत्र जुळवले. राजाचा मुद्रक टॉमस बर्थलेट याने लॅटिन भाग १५४० मध्ये आणि इंग्रजी भाग १५४२ मध्ये छापला. पुस्तकाच्या तोंडी राजाची आज्ञा होती. आमची मर्जी राखायची असेल आणि रोष टाळायचा असेल, तर राज्यातल्या प्रत्येक शिक्षकाने हेच शिकवावे, असा तिचा आशय. एडवर्डने आणि एलिझाबेथने ती आज्ञा पुन्हा काढली. १६०४ च्या धर्मनियमांत ७९ वा नियम म्हणून ती गेली. व्याकरणाला लिलीचे नाव चिकटले. कॉलेट, इरॅस्मस आणि राजाचे विद्वान मागे पडले.

मुलगा या पुस्तकातून नेमके काय शिकत होता, ते जवळून पाहिले पाहिजे, कारण पुस्तकाचे सामर्थ्य तिथे आहे.

लॅटिनमध्ये सहा विभक्ती. इंग्रजीत नामांना प्रत्यय जवळजवळ नाहीत, त्यामुळे इंग्रज मुलाला विभक्ती म्हणजे काय हेच समजत नसे. पुस्तकाने त्याला ‘खुणा’ दिल्या. ‘ऑफ’ आला की षष्ठी, ‘टू’ आला की चतुर्थी, ‘कोणाला, काय’ या प्रश्नाचे उत्तर क्रियापदानंतर आले की द्वितीया, हाक मारली की संबोधन. मराठी मुलाला ‘स, ला, ते’ आणि ‘चा, ची, चे’ असे प्रत्यय हाताशी असतात. त्याला हे सोपे. इंग्रज मुलासाठी मात्र त्याच्या तोंडातल्या भाषेतून लॅटिनच्या दारापर्यंत बांधलेला तो पूल होता.

लिंगाचेही तसेच. ‘हिक, हेक, होक’ ही खरे तर लॅटिनची दर्शक सर्वनामे, ‘हा, ही, हे’. व्याकरणकारांनी ती उपपदासारखी, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारखी, वापरली. ‘हिक मॅजिस्टर’ म्हटले की गुरुजी पुल्लिंगी, ‘हेक म्यूझा’ म्हटले की वाग्देवी स्त्रीलिंगी. आपल्याकडे तो-ती-ते लावून लिंग ओळखतात, अगदी तीच युक्ती. लॅटिनला उपपदच नाही. ते ग्रीक व्याकरणाच्या नमुन्यावरून जुन्या रोमन व्याकरणकारांनी तिच्या अंगावर चढवलेले आहे. शुद्धतावादी याला दोष म्हणतील. मला ती लेखकांची समज वाटते. मूल जिथे उभे आहे तिथून त्याला हात दिला पाहिजे.

मग क्रियापदांचे अर्थ. आज्ञार्थ, स्वार्थ यांच्या जोडीला ‘इच्छार्थ’ वेगळा आणि ‘शक्यार्थ’ वेगळा. लॅटिनमध्ये या दोन्हींची रूपे एकच असतात, पण इंग्रजीत ‘देव करो’ आणि ‘करू शकेल’ यांना वेगळे शब्द लागतात, म्हणून रकाने दोन. एकच रूपावली मुलाने वेगवेगळ्या नावांखाली पुन्हा पुन्हा म्हणायची. इथे पूल जरा जास्तच लांब झाला, असे मला वाटते. इंग्रजीची सावली लॅटिनच्या रचनेवर पडली आणि पाठांतराचे ओझे मात्र वाढले.

त्यानंतर तीन मेळ: कर्ता-क्रियापदाचा, नाम-विशेषणाचा, संबंधी सर्वनाम आणि त्याच्या पूर्वपदाचा. ‘जो थोडे बोलतो तो शहाणा’ अशा वाक्यांतून ते शिकवलेले आहेत. आणि प्रस्तावनेत शिक्षकांना दिलेला सल्ला तर कॉलेटच्याच वळणाचा आहे. मेळ समजले की मुलांना पुढचे नियम ओळीने पाठ करायला लावू नका; भाषाही चांगली आणि शिकवणही चांगली असे एखादे छानसे पुस्तक त्यांच्या हाती द्या आणि त्यातूनच नियम दाखवा. राजाज्ञेच्या पुस्तकातच पुस्तक बाजूला ठेवण्याची सूचना होती.

ती पाळली गेली का? बहुतेक शाळांत नाही. आज्ञा पुस्तकाची होती, प्रस्तावनेची नव्हती. तपासणीला येणारा मुलाला नियम विचारू शकतो. छान पुस्तक वाचून मुलाला काय कळले, हे विचारायला वेळ आणि समज लागते. जे मोजता येते तेच शिकवले जाते.

इंग्रजी भाग संपला की लॅटिन भाग सुरू होई, आणि तो लॅटिन पद्यात होता. नामांच्या लिंगांचे नियम ‘प्रोप्रिआ क्वे मारिबुस’ या शब्दांनी सुरू होत, भूतकाळाच्या रूपांचे ‘आस इन प्रेसेंती’ने, आणि मुलांच्या वागणुकीवरची लिलीची कविता ‘क्वी मिही’ने. पिढ्यान् पिढ्या इंग्रज माणसे शाळेतला आपला टप्पा या सुरुवातीच्या शब्दांनीच सांगत. ‘आस इन प्रेसेंतीपर्यंत शिकला’ म्हटले की समोरच्याला कळे. चालीवर म्हटले की ते लक्षात राही, हे खरे. पण म्हणायचे ते काय? लॅटिन येण्याआधी लॅटिनमध्ये लॅटिनचे नियम. ‘डॉक्ट्रिनाले’च्या वेळचाच पेच, फक्त ओळी कमी.

वर्गातली अवस्था शेक्सपिअरने दाखवली आहे, आणि बहुतेक स्वतःच्या शाळेतूनच उचलली आहे. ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये विल्यम नावाचाच एक मुलगा आहे. गुरुजी विचारतात, लापिस म्हणजे काय? मुलगा म्हणतो, दगड. बरे, दगड म्हणजे काय? मुलगा म्हणतो, खडा. नाही, म्हणे, दगड म्हणजे लापिस, हे डोक्यात ठेव! मुलाने अर्थ सांगितला, गुरुजींना शब्द हवा होता. पुढे तोच मुलगा ‘हिक, हेक, होक’ म्हणतो, पुस्तकातले शब्द जसेच्या तसे. ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये एक पात्र रोमन कवी होरेसची ओळ ओळखते, पण ‘हे मी फार पूर्वी व्याकरणात वाचले होते’ असे म्हणते. होरेसमध्ये नव्हे, व्याकरणात. कॉलेटला कवितेतून व्याकरणाकडे जायचे होते. मुलांनी कविता पाहिली ती व्याकरणातले उदाहरण म्हणून. सगळ्या प्रकरणात मला हीच ओळ सर्वाधिक टोचते.

सुधारणेचे प्रयत्न थांबले नाहीत. रॉजर ॲशमच्या १५७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दुहेरी भाषांतराची रीत आहे: लॅटिन उतारा इंग्रजीत आणायचा, पुस्तक मिटायचे, मग त्या इंग्रजीचे पुन्हा लॅटिन करायचे आणि मूळ लेखकाशी ताडून पाहायचे. मेळ समजताच मुलाला रोमन वक्ता सिसेरोच्या पत्रांकडे न्यावे, हे त्याचे म्हणणे. जॉन ब्रिन्स्लीने १६१२ मध्ये राजमान्य पुस्तकाचेच प्रश्नोत्तरांत सुलभीकरण केले. चार्ल्स हूलने लॅटिन आणि इंग्रजी समोरासमोर ठेवले. ही सगळी माणसे लिलीच्या चौकटीतच काम करत होती, कारण बाहेर पडायला कायद्याची मनाई होती आणि छपाईचा हक्कही राजसनदेने ठरावीक लोकांकडे होता. मॅट्रिकच्या गाइडांचा धंदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. मूळ पुस्तक बदलता येत नाही, म्हणून त्याच्याभोवती दुसऱ्या पुस्तकांचे कुंपण वाढते.

सर्वांत स्पष्ट बोलला कवी जॉन मिल्टन, जो स्वतः सेंट पॉल स्कूलचाच विद्यार्थी. १६६९ मध्ये त्याने लॅटिनचे छोटेसे इंग्रजी व्याकरण काढले आणि सुरुवातीलाच लिहिले, की माणसाच्या सामान्य आयुष्याचा दहावा हिस्सा लॅटिन शिकण्यात जातो, तरी ती जेमतेमच येते. कारणांत त्याने सांगितले ते हे: आधी प्रारंभीची चोपडी, मग नियमांची भाषा समजण्याआधीच लॅटिनमधले व्याकरण, असे एका कामाची दोन कामे करणे. दीडशे वर्षांनी त्याच शाळेच्या मुलाने संस्थापकाचाच मुद्दा पुन्हा मांडला.

मग एकच पुस्तक लादणे ही चूक होती का? माझे मत विभागलेले आहे. शाळा बदलणाऱ्या मुलाची अडचण खरोखर सुटली. साऱ्या शिकलेल्या इंग्लंडला एक समान परिभाषा मिळाली, आणि तिच्याच आधारावर १५८६ मध्ये विल्यम बुलोकरने इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण रचले. हा लाभ लहान नव्हे. चूक झाली ती पुस्तक गोठवण्यात. कॉलेटने लिनॅकरचे पुस्तक परत केले, लिलीने इरॅस्मसचे बदल स्वीकारले, आपले नावही मागे घेतले. हे पुस्तक तयार झाले तेच सतत खोडत, पुन्हा लिहीत. राजाज्ञेने नेमकी तीच वाट बंद केली. १७५८ मध्ये ईटनने ते थोडे फेरफार करून आपल्या नावाने काढले, आणि एकोणिसाव्या शतकात केनेडीचे नवे लॅटिन प्रायमर येईपर्यंत, म्हणजे १८६६ पर्यंत, इंग्रज मुले मूळच्या त्याच सांगाड्यावर लॅटिन शिकत राहिली.

या सांगाड्याचा आपल्याशी संबंध दोन वाटांनी येतो. टॉमस स्टीफन्स १५४९ च्या सुमारास विल्टशरमध्ये जन्मला. त्याचे शालेय वय राजाज्ञेच्याच काळातले. तेव्हा त्याच्या हातीही हीच चोपडी असणार, असा माझा तर्क आहे. १५७९ मध्ये तो गोव्याला आला, मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, आणि कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते १६४० मध्ये राशोलला, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण, आणि त्याची चौकट लॅटिन व्याकरणाची.

दुसरी वाट तर आपल्या दप्तरातूनच जाते. संस्कृत परंपरेत यास्काने शब्दांचे चार वर्ग केले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. मराठी शाळेत मात्र आपण आठ जाती शिकतो, चार विकारी आणि चार अविकारी. लिलीच्या इंग्रजी भागातही अशाच आठ आहेत: नाम, सर्वनाम, क्रियापद आणि धातुसाधित या बदलणाऱ्या, क्रियाविशेषण, उभयान्वयी, शब्दयोगी आणि केवलप्रयोगी या न बदलणाऱ्या. पुढे इंग्रजी व्याकरणांत धातुसाधिताच्या जागी विशेषण आले, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणांचा नमुना पुढे ठेवून दादोबा पांडुरंगांसारख्यांनी मराठीचे व्याकरण मांडले तेव्हा ही आठांची मोजणी आपल्याकडे उतरली. सहावीच्या वर्गात ‘शब्दांच्या जाती किती?’ या प्रश्नाला ‘आठ’ असे उत्तर येते, तेव्हा मला स्टॅनब्रिजच्या फाटक्या चोपडीतला पहिला प्रश्न ऐकू येतो.